हातावरची भाकरी

बस गं लेकी, टेक जरा भिंतीला. गाणं देते तुला, पण आधी एक गोष्ट ऐकावी लागंल. आत्ता दारात उभी ऱ्हाऊन काय म्हणलीस तू? की अक्का, असली रुखवताची गाणी आता मोबाईलात फुकट मिळत्यात, मग तुमच्या गाण्यात वेगळं काय हाय? राग न्हाई आला मला. हाच सवाल लई वर्षांमागं एका बाईनं मला केलावता, आणि ती काय तुझ्यासारखी हसून इचारत नव्हती. तवा मला जबाब देता आला न्हाई. तो जबाब मला कसा घावला, ते सांगते. चहा होईस्तवर संपंल. न्हाई संपलं तर परत टाकू चहा, दूध हाय घरात.

इंदुमती जगदाळेच्या सोप्यात आमी दोघी बसलोवतो. ह्या खांबाला मी, त्या खांबाला मथुरा. मथुरा बी माझ्यासारखीच, लगीनघरी गाणी लिवून देणारी. मी तिसरीतनं शाळा सोडल्याली, ती चौथीतनं, म्हणून ती माझ्यापरास शिकल्याली. आमी दोघी एका सोप्यात बसलोय असं त्याआधी कवा झालं नव्हतं. इंदूबाईनं मुद्दाम एकाच येळेला बोलावलंवतं, बैल जोडीनं उभं करून दात बघावं तसं.

तुमच्याकडं आता हॉलातली लग्नं, तुला ठाव नसंल म्हणून सांगते. तवा रीत अशी होती. नवरीकडच्या बायका रुखवत घिऊन मांडवात आल्या, की दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसायच्या आणि एकमेकींच्या इहिणीला गाण्यातनं शिव्या द्यायच्या. एकीनं गायचं, समोरनं जबाब यायचा. जबाब येतोय तवर त्याच दोघी गात ऱ्हाणार, मधी तिसरीनं तोंड घालायचं न्हाई. समोरची गप झाली की मग ह्या बाजूची दुसरी उठणार. सगळ्यांस्नी काय असं जुळवाया जमत न्हाई. मग आमच्यासारखीकडनं लिवून घ्यायचं, आणि गायला बी आमालाच पुढं बसवायचं.

‘म्हणून दाव,’ इंदूबाई मला म्हणली. मेथीची जुडी सोडून दाव म्हणावं, तसं.

मी म्हणून दावलं.

इहीण बसली पाटावर, पाट करी कुरकुर,
पाट म्हणे, ‘बाई, जरा बस की गं दूर.’

सोप्यातल्या बायका हसल्या. कोपऱ्यात सूप घिऊन जोंधळं पाखडत बसल्याली इंदूबाईची म्हातारी सासू, ती बी बोळक्या तोंडानं हसली. इंदूबाई न्हाई हसली.

‘हे झालं व्हय? ह्यानं तर आमच्या आत्याबाईस्नी हसू आलं. मला कुणी हसाया नको हाय. मथुरे, तुझं.’

मथुरानं पदर सावरला.

इहिणीच्या तोंडाला गं लावा कुणी कुलूप,
हिच्या जिभेनं नासलं सात घरचं तूप.

‘आता कसं,’ इंदूबाई म्हणली. ‘आणि ते दुसरं? काल म्हणलीस ते?’

मथुरानं दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

कपाळाला कुंकू हिनं कोरलंया छान,
कुंकवाचा धनी कुणाच्या दारी खातो पान?

कुणी हसलं न्हाई. म्हातारीचा सुपातला हात थांबला. आणि इंदूबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

आता इहीण कोण, ते सांगते. बोरजाईची सगुणा खोत. म्हशी राखायची, आणि त्या दुधावर लेकीला वाढवली. नवरा तिचा, गुंडा, इचलकरंजीला मागावर कामाला म्हणून गेला आणि तिकडंच दुसरं घर करून ऱ्हायला. हे सगळ्यांस्नी ठाव होतं आणि कुणी तोंडावर बोलत नव्हतं. त्यात तिचं आणि इंदूबाईचं जुनं वाकडं. इंदूबाईचा मालक डेरीचा चेअरमन. एकदा डेरीत सगुणाच्या दुधाला फॅट कमी दावली, तर ही बाई डेरीच्या कट्ट्यावर उभी ऱ्हाऊन चारचौघांत चेअरमनला म्हणली, ‘माझ्या म्हशीला फॅट हाय, तुमच्या मशीनला न्हाई.’ गावभर हसं झालं. इंदूबाईनं ते गाठीला बांधून ठेवलं. आणि देवाची करणी बघ, तिचाच ल्योक जयवंत डेरीत दूध मोजाया बसायचा, आणि सगुणाची मालन दूध घालाया यायची. मोजता मोजता दोघांचं जुळलं.

‘ती बाई रुखवत उचलून माघारी गेली पायजे,’ इंदूबाई म्हणली. ‘लेकीला घिऊन.’

‘लगीन मोडायचं असंल तर सरळ न्हाई म्हणा की,’ मी म्हणलं.

‘माझ्या तोंडानं? जयवंत म्हणतोय, न्हाई केलं तर घर सोडून जातो. ह्यांनी चार माणसांत सुपारी फोडलीया. आमी मोडलं तर आमी वंगाळ. त्यांनी मोडलं तर त्यांचं त्यांनी मोडलं.’

‘मी गाणी लिवते, इंदूबाई. लग्नं मोडत न्हाई.’

‘मग ऱ्हा घरात, मथुरा गाईल. आणि हौसा, एक इचारू का गं तुला? तुझ्यात काय हाय असं, की माणसानं तुला बोलवावं? मथुराचं गाणं लागतं. तुझं कुणाला लागतच न्हाई. नांगी मोडलेल्या इंचवावानी हाय तुझं गाणं. नुसतं फिरतंय अंगावरनं.’

मथुरानं तोंडाला पदर लावला.

इंदूबाईचं बोलणं आसपासच्या सगळ्या लगीनघरांत चालायचं. तिनं नाव टाकलं की माझं गाणं संपलं, मग बारा म्हयनं लोकांच्या रानात खुरपायचं. आणि मी उठून गेले असते तर मांडवात कुंकवाचं गाणं होणार, हे दिसतच होतं.

‘पहिली मी गाते,’ मी म्हणलं. ‘माझ्यानं न्हाई झालं, तर मथुरेला उठवा.’

‘पहिली तू,’ इंदूबाई म्हणली. ‘पर ती उठून गेली न्हाई, तर परत ह्या सोप्यात पाय ठिवायचा न्हाई.’

म्हातारी सूप आपटत काय तरी पुटपुटली. तिचं तिथं ऐकतंय कोण.

दुसऱ्या दिशी मी बोरजाईला गेले. डोस्क्यात राग होता. माझं गाणं लागत न्हाई म्हणती, बघतेच आता. घर बघते, दार बघते, कुठं उणं घावतंय ते बघते, आणि असं लिवते की मथुरेनं तोंडात बोट घातलं पायजे. ऊन मरणाचं. सगुणाचा गोठा गावाबाहीर, माळाला लागून. ती म्हशीच्या अंगावर पाणी मारत होती. उंच, वाळकी बाई, हाताची हाडं दिसणारी.

‘रेडी इकायची हाय म्हणं,’ मी म्हणलं.

तिनं मला वरनं खालनं बघितलं. ‘कुणी सांगितलं?’

‘बाजारात कळलं.’

‘माझ्या रेडीचं बाजारात काय कळंल? अजून आईला पितीया ती.’ मग बादली खाली ठिवली. ‘तू हौसा न्हवं? माझ्या मावसबहिणीच्या लग्नात गायलीवतीस.’

‘व्हय.’

‘कुणाकडनं लिवतीस आता?’

खोटं सुचलं न्हाई. ‘चेअरमनकडनं.’

ती काय वराडली न्हाई. म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत ऱ्हायली, फिरवत ऱ्हायली, आणि मग म्हणली, ‘मग अशी आडून कशाला आलीस? शेणच पायजे होतं तर पाटी घिऊन यायचं. हितं लई हाय.’

‘जाते मी.’

‘जा की. कोण धरतंय तुला.’

मी वळले. चार पावलं गेले असंन.

‘ए, थांब. उन्हाचं आल्यालं माणूस माझ्या दारातनं उपाशी गेलं न्हाई आजवर. तुझ्यापायी माझी रीत कशाला मोडू मी? हातपाय धू आणि बस. पर मी ग्वाड बोलंन अशी आशा धरू नको.’

लेकी, मी लई पंगती जेवलेय. पर असलं जेवण न्हाई. जोंधळ्याची भाकरी, ताक, कांदा आणि ठेचा. पहिला घास घातला आणि माझ्या डोळ्यांतनं, नाकातनं, सगळीकडनं पाणी. जिभेला कुणी डाग दिल्यावानी. सगुणा समोर बसून बघत होती.

‘रड,’ म्हणली. ‘पोटभर रड. माझ्या लेकीला रडवाया निघालीस, आधी तू रडून घे.’

‘ह्यात... मिरची... किती...’

‘जेवढी इंदूबाईच्या पोटात हाय तेवढी.’

आणि तिला हसू आलं. तिनं लई आवरलं, पर आलं. त्या हसण्यानं मला बी आलं, आणि ठसका लागला, आणि ती माझ्या पाठीत गुद्दे घालायला लागली. ठसका जावा म्हणून घालत होती का चेअरमनकडची म्हणून, ते काय मला कळलं न्हाई. गुद्दे चांगलेच होते.

ती वाढतच ऱ्हायली. एक संपली की दुसरी, दुसरी संपली की अजून. वाढताना त्वांड चालूच. ‘खा. तिकडं डेरीवाल्याकडं पातळ चहावर काम करतीस, गाण्याला जोर कुठनं येईल.’ मी म्हणलं पुरं. ऐकंना. शेवटी मी ताटावर हात आडवा धरला, तर ह्या बाईनं तव्यावरची भाकरी आणून माझ्या हातावर ठिवली. मागल्या बाजूला, बोटांच्या वर. गरम चटका. हात काढावा तर भाकरी ताटात पडती, न काढावा तर कातडं भाजतंय.

‘अगं, पुरं म्हणलं की,’ मी वराडले.

‘माझ्या घरात पुरं मी म्हणती,’ ती म्हणली.

हात काढला. भाकरी ताटात. खाल्ली.

तेवढ्यात लेक आली, मालन. डोक्यावर घागर, गळ्यात हळदीचा दोरा. ‘आई, कोण गं ह्या?’

आता सांगंल, मला वाटलं. आता सांगंल, की ही तुझ्या लग्नात आपल्याला शिव्या घालणारी.

‘रेडीचं गिऱ्हाईक हाय,’ सगुणा म्हणली. ‘जेवाया बसवलंय.’

पोरगी माझ्याकडं बघून हसली, घागर घिऊन आत गेली. सगुणा चुलीपुढं सरकली. लाकूड आत सारत, माझ्याकडं न बघता बोलली.

‘नवऱ्याचं घालणार असशील.’

मी ताट बाजूला सारलं.

‘घाल. मला त्याचं काय न्हाई, माझे कान निबर झाल्यात. पर अक्षता पडायच्या आधी न्हाई. मालनला वाटतंय, तिचा बाप येणार हाय. निरोप धाडलाय तिनं. येत न्हाई तो, मला ठाव हाय. पर ते तिला अक्षता पडल्यावर कळू दे. तवर न्हाई.’

रुखवत अक्षतांच्या आधी असतंय. तिला ठाव होतं, मला ठाव होतं. मी हात धुतला आणि उठले. मागनं तिनं आवाज दिला, ‘जाताना सांग की इंदूबाईला. खोताच्या घरात फॅट हाय म्हणावं.’

लगीन चेअरमनच्या दारात होतं. मांडव एवढा मोठा, की इकडचं माणूस तिकडं वळखू येईना. आणि माईक. इंदूबाईनं बायकांच्या पुढ्यात माईक लावून घेतलावता, गाण्यातला शब्द न् शब्द पार येशीपातूर जावा म्हणून. मालन आतल्या खोलीत सजत होती. तिथवर ऐकू जाणारच.

सकाळपासनं इंदूबाई मला इचारत होती, काय लिवलंयस. मी दावलं न्हाई. ‘आधी दावलं की गाणं शिळं होतं,’ म्हणलं. मथुरा माझ्या मागं नटून बसलीवती. ‘लवकर आटप गं,’ म्हणली, ‘माझं वाट बघतंय.’

बोरजाईच्या बायका रुखवत घिऊन आल्या. लाडू, करंज्या, साखरेचा केल्याला नंदी. मांडलं सगळं. आमच्या बाजूला पन्नास बायका, त्यांच्या बाजूला हाताच्या बोटांवर मोजाव्या एवढ्या, आणि मधी सगुणा. तिनं गाणारी कुणी आणली नव्हती. पाठ ताठ, नजर रुखवतावर. जे यायचं ते येऊ दे, असं बसणं. माझ्याकडं तिनं बघितलं सुदिक न्हाई.

मी माईक धरला.

इहिणीच्या दारी गेले सहज बघू म्हणून,
ठेचा असा वाढला की आले डोळ्यांनी न्हाऊन.

बायकांत खुसफुस. कुठंतरी एक हसली.

ताटावर धरला हात, म्हणलं पुरं पुरं,
हातावर ठिवली भाकरी, हे गं कुठलं खरं?

बोरजाईच्या बायकांत एक म्हातारी खुदकन हसली आणि शेजारणीला कोपर मारलं. त्यांच्या गावात हे सगळ्यांस्नी म्हायत असणार.

हिची लेक येती घरी, नवऱ्या, सुट पळत,
नको म्हणशील तशी वाढंल भाकरीची चळत.

पुरुषांकडनं मोठ्यानं हसू आलं. जयवंत नवरदेव बाशिंग धरून हसतोय. माझं गाणं झालं. आता जबाब यायला पायजे.

आला न्हाई.

सगुणा तशीच. रुखवतावरनं नजर हलली न्हाई तिची. मांडव हळूहळू गप झाला. मागं मथुराच्या बांगड्या वाजल्या, ती उठत होती. इंदूबाईनं मान हलवून तिला खूण केली. मी माईक सोडीना, आणि मथुरा माझ्या हातातनं वढाया लागली. रीतीपरमाणं तिची पाळी होती, तिचं काय चुकलं न्हाई. मी सगुणाकडं बघत होते. बोल गं बाई, काय बी बोल. शिवी दे. मी तुला जागा करून दिलीया, त्या जागंत शिवी घाल. एवढंच मनात.

मथुरानं माईक हिसकला. तोंडापुढं धरला.

आणि सगुणा बसल्या जागेवरनं, बिगरमाईकची, खणखणीत गायली.

गिऱ्हाईक आलं दारी माझ्या, रेडी बघू म्हणून,
भाकरी खाऊन गेलं बाई, रेडी ऱ्हायली बांधून.

मांडव फुटला, लेकी. हसून हसून माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. मी मथुराच्या हातातनं माईक काढून घेतला. जबाब आलावता, आता तिनं खाली बसायचं. ती बसली. तिचं त्वांड बघण्यासारखं होतं.

मग मी गायले, मग ती गायली. मी तिच्या वाळक्या हाडांवर गायले, ती माझ्या ठसक्यावर गायली. मग ती माझ्यावरनं सरकली, आणि सरळ इंदूबाईकडं बघून म्हणली,

इहिणीनं धाडली बाई उणं हुडकायला,
घरी न्हाई भाकर हिच्या, धाडली जेवायला.

चेअरमन स्वता हसला. चेअरमन हसतोय म्हणल्यावर डेरीतली सगळी माणसं हसली. इंदूबाई लालबुंद. माझ्या कानाशी येऊन दात चावत म्हणली, ‘बंद कर. मथुरेला दे.’

‘देते की,’ म्हणलं, ‘समोरची गप झाली की देते. रीत हाय.’

आणि तवा सगुणा उठून उभी ऱ्हायली. सगळ्यांस्नी वाटलं आता डेरीवर घालणार. मला बी वाटलं. तिचा आवाज मात्र खाली आलावता.

दुधाला लावलं माप बाई, त्याचं न्हाई काही,
लेक घालते पदरात, हिला माप न्हाई.

असल्या गाण्याला जबाब आमी भाड्याच्या बायकांनी द्यायचा नसतो. ज्या इहिणीच्या पदरात लेक घातली, तिनंच द्यायचा असतो. मी माईक खाली ठिवला. मथुरा हाताची घडी घालून बसली. सगळा मांडव इंदूबाईकडं बघतोय. तिच्या नाकपुड्या हलत होत्या नुसत्या. मागनं तिची म्हातारी सासू काठी टेकत आली आणि सगळ्यांस्नी ऐकू जाईल असं म्हणली, ‘इंदे, तुझ्या आईनं बी घातलीवती. मी मोजली न्हाई.’

इंदूबाई म्हातारीकडं वळली. मग मांडवाकडं. मग कुणाकडं न बघता खेकसली, ‘अशी बघत काय बसलाय सगळी? भटजीला म्हणावं अंतरपाट धरा. मुहूर्त टळतोय.’

जबाब म्हणून तेवढाच.

अक्षता पडल्या. अंतरपाटामागनं मालन एक डोळा येशीकडं लावून होती, ते मला दिसलं. कुणी आलं न्हाई.

पंगतीत दोघी इहिणी शेजारी बसल्या. रीत म्हणून बसल्या, एकमेकींचं त्वांड न बघता. सगुणानं घास द्यायला म्हणून पुरणपोळी उचलली. इंदूबाईनं ताटावर हात आडवा धरला. ‘पुरं,’ म्हणली. सगळी पंगत जेवायची थांबली. सगुणानं ती पोळी तुपासकट तिच्या हातावर ठिवली. बोटांच्या वर. तूप मनगटावरनं वघळतंय. हात काढावा तर पोळी ताटात, न काढावा तर काकणांत तूप. समदी माणसं बघत्यात.

‘गाण्यात आलंय, इहीणबाई,’ सगुणा म्हणली. ‘आता मला तसंच करावं लागतंय.’

इंदूबाईनं हात काढला. खाल्ली पोळी. शेवटच्या घासापातूर खाल्ली.

मला त्या घरातनं लुगडं मिळालं न्हाई. सोप्यात यायचं न्हाई म्हणलीवती, ते तिनं पाळलं. आसपासच्या लगीनघरांत माझं नाव टाकलं. त्या साली मी लई खुरपलं, हाताला घट्टे पडले. मथुरा मला पाणवठ्यावर म्हणली, ‘तू तिचं खाऊन आलीस, म्हणून मऊ पडलीस.’

‘व्हय,’ म्हणलं. ‘तू बी खाऊन यायचं होतंस.’

ते मी रागानं म्हणलं. पर घरी येताना वाटंत थांबले. घागर खाली ठिवली. इंदूबाईनं इचारल्याला जबाब माझ्याच तोंडातनं निघालावता. ज्याचं मीठ खाल्लं त्याला शिवी देऊ नये म्हणत्यात. मी तवापासनं उलटं धरलं. ज्याचं मीठ खाल्लं न्हाई, त्याला मी शिवी देत न्हाई. त्याला काय लागतंय आणि काय दुखतंय, हे जेवल्याबिगर कळत न्हाई मला. एवढंच माझं वेगळं. दुसरं काय न्हाई. अक्षर तर माझं कोंबडीच्या पायावानी हाय.

पुढच्या साली बोरजाईकडनं बोलावणी आली. मग त्यांच्या पावण्यांकडनं. आणि जयवंताच्या धाकट्या भावाचं लगीन निघालं, तवा मालन आली माझ्याकडं, कडेवर पोर घिऊन. ‘अक्का, गाणं पायजे,’ म्हणली. मी म्हणलं, सासूला इचारलंस का? पोरगी हसली. त्या घरात इंदूबाईला इचारल्याबिगर चूल पेटत न्हाई. इंदूबाई अजून हाय. माझ्याशी बोलत न्हाई. वाटंत दिसली की पदर वढती आणि पलीकडनं जाती.

तर अशी गोष्ट. चहा पी, गार होतोय.

आता ते मोबाईलात तू इहिणीचं जे लिवून आणलंयस, की ती चिकट हाय, तिनं मानपानाच्या साड्या हलक्या आणल्या, तिचं त्वांड असं आणि चाल तशी, ते ऱ्हाऊ दे तिथंच. मला वाचून दावू नको. तिच्या घरी जेवलीस का तू अजून? न्हाई न्हवं? मग एक काम कर माझं. जा, कायतरी निमित्त काढ, आणि बस तिच्या पाटावर. काय वाढलं, कसं वाढलं, तू पुरं म्हणल्यावर तिनं काय केलं, एवढं मला येऊन सांग.